मोठ्या कॅटफिशचा टँक सारखा बिघडतोय? औषधाआधी मोजायची टेप घ्या

घरात रेड टेल, टायगर शोवेलनोज, पंगास किंवा असाच मोठा होणारा शिकारी कॅटफिश (मिशीवाला मासा) असेल, तर आधी ही लक्षणं ताडून बघा.

• पाणी बदलून दोन दिवस होत नाहीत तोवर पुन्हा दुधाळ होतं. खाणं घातल्याच्या दुसऱ्या दिवशी खोलीत पाऊल टाकलं की वास येतो.
• मासा दिवसभर एकाच कोपऱ्यात काचेला अंग लावून पडलेला असतो. वळताना त्याची शेपटी काचेवर दुमडते.
• नाकाचा शेंडा घासून पांढरट किंवा लालसर झालाय. मिशांची टोकं झडलीत.
• खाल्लेलं काही तासांनी तसंच्या तसं बाहेर टाकतो.
• सोबतचे मासे एकेक करून नाहीसे होतात. कधी थर्मामीटर किंवा गोटाही दिसेनासा होतो.
• रात्री धाडकन आवाज येतो आणि सकाळी झाकण सरकलेलं, फरशीवर पाणी.
• अर्धा तास वीज गेली तरी मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करतो.

यातलं एखादंच लक्षण असेल तर कारण वेगळं असू शकतं. तीन-चार एकत्र दिसत असतील तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मूळ एकच निघालं आहे: माशाच्या मानाने टँक लहान, आणि लहान म्हणजे मुख्यतः अरुंद.

मी पुण्यात चौदा वर्षं लोकांच्या घरचे टँक सांभाळतो. या माशांसाठी येणारा फोन जवळपास ठरलेला असतो. "दादा, मासा खात नाही, एखादं औषध सांगा." औषधाने हे बरं होत नाही. उलट या माशांच्या अंगावर खवले नसतात, त्यामुळे खवलेवाल्या माशाला चालणारा औषधाचा पूर्ण डोस यांना त्रास देतो. म्हणून कारण सापडेपर्यंत टँकमध्ये काहीही ओतू नका. खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या तीनांना एक रुपयाही लागत नाही.

१. मासा नक्की कोणता आहे?

दुकानात पिशवीत तीन इंचांचं पिल्लू मिळतं आणि त्याचं नाव "शार्क" किंवा नुसतं "रेड टेल" असतं. त्या नावावर टँक ठरवता येत नाही. मोबाइलवर वरून एक आणि बाजूने एक फोटो काढा आणि जात नीट ओळखा.

काळी पाठ, कडेने पांढरा पट्टा आणि केशरी-लाल शेपटी असलेला रेड टेल ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला आहे. शास्त्रीय नाव फ्रॅक्टोसेफॅलस हेमिओलिओप्टेरस. नदीत तो चार फुटांच्या वर जातो. टँकमध्ये नीट सांभाळला तर तीन-साडेतीन फूट धरून चाला. एशियन रेड टेल हा वेगळा मासा, पण मोठा होण्यात तोही कमी नाही. टायगर शोवेलनोज तीन फुटांच्या आसपास जातो. रेड टेल आणि शोवेलनोजचा संकर मिळतो, त्यालाही याच रांगेत बसवा. "शार्क" म्हणून विकला जाणारा करडा-चंदेरी मासा बहुधा पंगास असतो, म्हणजे मेकाँग नदीतला, ज्याची आपल्याकडे खाण्यासाठी शेती होते तोच. तो चार फुटांपर्यंत वाढू शकतो, त्याला थव्यात राहायचं असतं आणि घाबरला की तो सरळ काचेवर जाऊन आदळतो. उंच पंखाचा पॅरून शार्क तर पंगासच्याही पुढे जातो. तो घरात आणूच नये असं माझं ठाम मत आहे.

ही तपासणी पहिली का? कारण आज मासा केवढा आहे यावर टँक ठरवला की सहा महिन्यांत पुन्हा तिथेच येऊन थांबता. नीट खाऊ घातलेला रेड टेल पहिल्या वर्षात फूट-दीड फूट सहज होतो. आणि तो पंधरा वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो. आठवीतल्या मुलाने हट्टाने आणलेला मासा तो नोकरीला लागेपर्यंत घरात असणार आहे.

"मासा टँकएवढाच वाढतो" हे वाक्य मला जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. ते खरं नाही. घाण पाण्यात आणि अडचणीत वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकतो, आयुष्य कमी होतं. त्याला लहान राहणं म्हणत नाहीत, ते कुपोषण आहे.

२. टेप लावा

टँकची आतली रुंदी मोजा. रुंदी म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत. लांबी आणि उंची नंतर बघू. मग मासा काचेला समांतर आला की बाहेरून टेप धरून त्याची नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी घ्या. हाताने धरायला जाऊ नका.

माझा हिशोब असा: रुंदी माशाच्या लांबीच्या दीडपट असावी. ओढाताण करून एकपट चालवून घेतो, त्याच्या खाली अजिबात नाही. टँकची लांबी माशाच्या चौपट. रेड टेल आणि शोवेलनोज तळाशी राहतात, त्यामुळे उंचीला फारसं महत्त्व नाही, अडीच फूट पाणी पुरतं.

रुंदीवर मी एवढा अडून बसतो त्याचं कारण एका घरात डोळ्यांनी पाहिलं. टँक सहा फूट लांब, दिसायला भव्य, पण रुंदी फक्त दीड फूट. मासा बावीस इंचांचा. तो काचेपर्यंत पोहत यायचा, थांबायचा, डोकं मागच्या काचेकडे न्यायचा, आणि अंगाचा अक्षरशः सी आकार करून, शेपटीचं लाल टोक पुढच्या काचेवर घासत वळायचा. दर खेपेला त्याच जागी. पुढच्या काचेवर तेवढ्या पट्ट्यात शेवाळ धरलंच नव्हतं, शेपटीने पुसून पुसून ती जागा लख्ख झाली होती. मालक म्हणाले, "ही जागा आपोआप स्वच्छ राहते." मासा दिवसातून किती वेळा तिथून वळत असेल याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

तुमच्या टँकमध्ये असा पुसला गेलेला पट्टा आहे का ते बघा. असेल तर निदान झालं. पुढच्या तपासण्या मासा नव्या जागी जाईपर्यंत त्याला जिवंत ठेवण्यासाठी करायच्या आहेत.

३. खाणं आणि टँकमधलं सामान

पिल्लाला रोज थोडं. फूटभराच्या माशाला एक-दोन दिवसांआड. दोन फुटांच्या पुढे गेला की आठवड्यातून दोनदा पुरे, पूर्ण वाढलेल्याला एकदाही चालतं. हा मासा कायम भुकेला वाटतो, काचेपाशी येऊन तोंड उघडतो, घरच्यांना वाईट वाटतं आणि रोज चिकन पडतं. चिकन आणि मटणाची चरबी त्याला नीट पचत नाही. जिवंत गोल्डफिश तर घालूच नका. त्यात थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, शिवाय त्यांच्यासोबत रोग येतो. तळाला जाणाऱ्या मोठ्या पेलेट्स आणि अधूनमधून चिलापीचे तुकडे हे चांगलं खाणं आहे.

खाल्लेलं बाहेर टाकत असेल तर आधी दहा दिवस खाणं निम्म्यावर आणा. बऱ्याचदा तेवढ्याने थांबतं.

आणि टँकमधलं जे जे त्याच्या तोंडात मावेल ते आजच बाहेर काढा. गोटे, शंख, प्लास्टिकची झाडं, सक्शनवर चिकटवलेलं थर्मामीटर. हे मासे हीटरसुद्धा गिळायला जातात. हीटर संपमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत ठेवा, नाहीतर त्याला जाळीचं कव्हर घाला. फुटलेल्या हीटरचा करंट पाण्यात उतरतो, तेव्हा यात माशाबरोबर तुमचाही जीव आहे. टँकच्या बोर्डाला आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

४. पाण्याची तपासणी

आता थोडा खर्च. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारं थेंबांचं किट घ्या. पाण्यात बुडवायच्या पट्ट्यांपेक्षा थेंबांवर माझा भरवसा जास्त. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नायट्रेट लिटरला चाळीस मिलिग्रॅमच्या वर चढत असेल तर पाणी बदलणं कमी पडतंय.

अमोनिया शून्य नसेल तर पीएचकडे बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. पाण्यातल्या अमोनियाची दोन रूपं असतात, एक फारसं त्रास न देणारं आणि एक विषारी. कोणतं किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तो साडेसहा टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ नऊपट.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण "काल टँक स्वच्छ केला आणि सकाळी मासा गेला" याच्या मागे बहुतेकदा हेच असतं. गच्च भरलेल्या जुन्या टँकमध्ये पीएच हळूहळू सहा-साडेसहावर उतरलेला असतो. अमोनिया भरपूर साठलेला, पण निरुपद्रवी रूपात, म्हणून मासा तग धरून असतो. मग कोणीतरी वास सहन न होऊन एका दिवसात ऐंशी-नव्वद टक्के पाणी काढतं आणि बोअरचं पाणी भरतं. दख्खनच्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, पीएच आठच्या आसपास. उरलेल्या अमोनियातला विषारी हिस्सा क्षणात कित्येक पटींनी वाढतो. घरच्यांना वाटतं नवं पाणी खराब होतं. खरं तर खराब जुनं होतं, नव्याने ते फक्त जागं केलं.

५. पाणी बदलणं

म्हणून अशा टँकचं पाणी थोडं थोडं बदला. पहिले चार-पाच दिवस रोज पंधरा ते वीस टक्के, मोजमाप बघत. अमोनिया शून्यावर आला की मग आठवड्याला चाळीस-पन्नास टक्के.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटी-क्लोरीन किंवा हायपो घातल्याशिवाय ते टँकमध्ये जाऊ देऊ नका. पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी "उशिरा व कमी दाबाने" असं असतं. शुक्रवारी आलेलं पहिलं गढूळ पाणी वापरू नका, एक दिवस थांबा. हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं. ॲमेझॉनच्या माशाला २४ ते २८ अंश हवेत, तेव्हा थंड पाणी थेट ओतलं की तो आजारी पडतो. दुपारी बदला.

काढलेलं पाणी झाडांना घाला. नायट्रेट असतं, झाडं खूश होतात.

६. फिल्टर आणि वीज

टँकच्या वर बसणारा छोटा टॉप फिल्टर या माशांना पुरत नाही. एका खाण्यात हा मासा छोट्या माशांच्या अख्ख्या टँकएवढी घाण करतो. मोठा संप, निदान टँकच्या चौथ्या हिश्श्याएवढा, आणि त्यात आधी जाड घाण अडवणारा स्पंज, मग बायो मीडिया, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू ज्यावर वाढतात ते तुकडे. मीडिया नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि अमोनिया पुन्हा पहिल्यापासून. टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळून घ्या.

बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. वीज गेल्यावर लगेच वर येणारा मासा हेच सांगतो की पाण्यात ऑक्सिजनची शिल्लक काहीच नाही.

इथपर्यंतचं सगळं करून लक्षणं कमी झाली आणि महिन्याभरात परत आली, तर फिल्टर वाढवत बसू नका. फिल्टरने पाणी स्वच्छ होतं, रुंदी वाढत नाही.

७. मोठा टँक: आधी वहीवर

साडेतीन फुटांच्या रेड टेलसाठी वरचाच हिशोब मांडू. रुंदी सव्वापाच फूट, लांबी चौदा फूट, पाणी अडीच फूट. म्हणजे सुमारे १८४ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे ५,२०० लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा नुसतं पाणीच पाच टनांच्या वर. जागा साधारण आठ बाय नऊच्या खोलीएवढी, फक्त लांबट.

तुलनेला बघा: दोन बाय एक बाय एक फुटांच्या टँकमध्ये ५७ लिटर पाणी मावतं. चार बाय दीड बाय दीडमध्ये २५५ लिटर. लोक ज्याला "मोठा" म्हणतात त्या सहा बाय दोन बाय दोनमध्ये ६८० लिटर, आणि त्याची दोन फूट रुंदी सोळा इंचांच्या माशापर्यंतच धड पुरते.

एकदम मोठा नको, वाढेल तसा बदलू, असं बरेच जण म्हणतात. मी ते टाळायला सांगतो. दर बदलाला काच, स्टँड, मजुरी नव्याने, आणि तिसऱ्या बदलाच्या वेळी पैसे संपलेले असतात. मासा मग दुसऱ्या टँकमध्येच अडकतो.

आता फरशी. घरातल्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरलेला आहे. अडीच फूट पाणी दर चौरस मीटरला ७६० किलो होतं. काच, स्टँड आणि संप वेगळे. बाल्कनी तर भिंतीबाहेर आलेली असते, तिथे हा विषयच काढू नका.

आणि पाणी. ५,२०० लिटरचं निम्मं म्हणजे आठवड्याला २,६०० लिटर. शहरात माणशी १३५ लिटर हे रोजचं प्रमाण धरतात. चौघांच्या घराचं जवळपास पाच दिवसांचं पाणी झालं. मे महिन्यात सोसायटीत टँकर मागवत असताना हे पाणी कुठून आणणार, याचं उत्तर आधी हवं.

तळमजला असेल, जागा स्वतःची असेल, पाणी असेल, तर काचेऐवजी विटा-सिमेंटची वॉटरप्रूफ केलेली टाकी किंवा एफआरपीची (फायबरची) टाकी स्वस्त आणि टिकाऊ पडते. सिमेंटची टाकी नवी असताना चुन्याने पीएच वर जातो, ती अनेकदा भरून रिकामी करावी लागते. शेततळ्यात सोडू का, असंही विचारतात. नको. थंडीत उघड्यावरचं पाणी या माशाला सोसत नाही, आणि पावसाळ्यात तळं ओसंडून वाहिलं की मासा ओढ्यात जातो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वरच्या मजल्यावर सहा बाय दोन बाय दोनच्या पुढचा टँक घ्यायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला इमारतीचे नकाशे दाखवा. टँक बनवणाऱ्याचं "काही होत नाही" ऐकून पुढे जाऊ नका, आणि माझंही ऐकू नका. स्लॅबमधली सळई आम्हा दोघांनाही दिसत नाही.

काचेचा जोड पाझरत असेल किंवा सिलिकॉन सुटून पांढरं दिसत असेल, तर बाहेरून सिलिकॉन फासू नका. पाणी निम्म्याच्या खाली आणा आणि टँक बनवणाऱ्याला बोलवा.

माशाने काही गिळलंय अशी शंका असेल, पोट एका बाजूला टणक दिसत असेल, तो दहा-बारा दिवस काहीच खात नसेल, किंवा जखमेवर कापसासारखी बुरशी आली असेल, तर माशांची माहिती असलेला पशुवैद्य शोधा. जवळ कोणी नसेल तर रत्नागिरी, नागपूर किंवा उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात फोन करा. मुंबईकरांना वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. घशात चिमटा घालून स्वतः काही काढायला जाऊ नका.

आणि हिशोब वहीवर बसतच नसेल, तर मासा दुसऱ्याकडे देण्याची वेळ आली आहे. मोठी टाकी असलेला छंदिष्ट शोधा, दुकानदाराला परत घ्यायला सांगा. महिना-दोन महिने लागतील, तोवर खाणं कमी आणि पाणीबदल जास्त ठेवा.

नदीत, तलावात, विहिरीत, धरणात सोडायचा नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही. उजनी धरणात चिलापी या परक्या माशाने काय केलं ते भिगवणच्या मच्छीमारांना विचारा. काचा घासायला आणलेला सकर मासाही कोणाच्या तरी टँकमधूनच तिथे पोचला आहे. शिवडा, शिंगाळा या आपल्या देशी कॅटफिशच्या नदीत आणखी एक परका शिकारी सोडण्याचा हक्क आपल्याला नाही.

मासा हलवताना

नायलॉनची जाळी वापरू नका. छातीच्या पराचा काटा दातेरी असतो, तो जाळीत अडकतो आणि ओढलं की पर फाटतो. अडकलाच तर जाळी कापा, काटा सोडवत बसू नका. टँकचं पाणी फूटभरावर आणून झाकणाच्या प्लास्टिक ड्रमला आडवं पाण्यात बुडवा आणि ओल्या हातांनी माशाला आत वळवा. दोन माणसं लागतातच. आदल्या दोन दिवशी खाणं बंद, म्हणजे वाटेत ओकून पाणी खराब करणार नाही. ड्रममध्ये त्याच टँकचं पाणी आणि बॅटरीचा एअर पंप.

मागे राहिलेला टँक रिकामा करू नका. फिल्टर चालू ठेवा आणि त्याच आठवड्यात त्याच्या मापाचे मासे आणा. चार फुटी टँकमध्ये पिक्टस कॅटफिशचे पाच-सहा जण छान राहतात. तेही मिशीवाले, तेही शिकारी, आणि पाच इंचांच्या आत थांबतात. छोटे गप्पी-टेट्रा मात्र त्यांच्यासोबत ठेवू नका.